लोणीच्या लग्नावर मारलेला लेसर

प्रचंड ताकदीचा लेसर क्षणभर एका पातळ पत्र्यावर मारायचा आणि परत फिरलेल्या प्रकाशावरून तिथं काय घडलं ते ओळखायचं, हे माझं प्रयोगशाळेतलं काम. पत्रा तर जळून गेलेला असतो, त्याला काय विचारणार? या पत्र्यांवर केसाहून बारीक रेघा लागतात. परदेशातून येणारे तसले पत्रे एकदा कस्टममध्ये अडकले, म्हणून मी सुट्टी घेऊन वारूळवाडीला घरी आले.

नारायणगावच्या बाजारात एका मारवाडी शेठचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. सीडीवरही तशाच बारीक रेघा असतात, हे आठवून मी कोऱ्या सीड्या मागितल्या. शेठनी माळ्यावरून धुळकट गठ्ठा काढला.

"ताई, याचं आता काय करणार तुमी?"

"लेसरनं जाळणार. परत येणारा उजेड बघणार."

"म्हंजे सीडी प्लेअरच की. तो जाळत न्हाई, एवढंच."

पीएचडीच्या समितीला हेच समजवायला मला चाळीस स्लाइड लागल्या होत्या.

प्रयोगशाळेत त्या सीड्या चालल्या. फक्त एकीवरून परतलेला प्रकाश वेगळा निघाला, भलत्याच दिशांना फाकलेला. माझे सर हरखले. आठवडाभर आम्ही फळा समीकरणांनी भरत होतो. सरांनी या नव्या परिणामाला नावही शोधून ठेवलं. प्रयोग पुन्हा करायचा तर तसलीच सीडी हवी, म्हणून मी शेठना फोन लावला.

"सगळ्या एकाच कंपनीच्या," ते म्हणाले. "पण त्यात एक भरलेली गेली असंल. लोणी गावच्या लग्नाच्या शूटिंगची. न्यायला कुणी आलंच न्हाई."

म्हणजे प्रकाश फाकला होता तो सीडीवर भरलेल्या लग्नाच्या खुणांमुळे, हे मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं,

"लग्न कसं झालं होतं?"

"कल्पना नाही सर. आपण बघायच्या आधीच जाळलं."

त्यांनी स्वतः उठून फळा पुसला.

शेवटी खऱ्या कोऱ्या सीड्यांवरचा, बेताचा शोधनिबंध छापून आला. त्यात लेसर ज्यावर मारला त्या लक्ष्याचं वर्णन होतं, 'बाजारात सहज मिळणारी चकती'. दिवाळीत त्याची प्रत मी शेठना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं उलटली.

"दुकानाचं नाव न्हाई यात."

"नाही," मी म्हणाले. मला खरंच ओशाळल्यासारखं झालं.

"असू द्या," म्हणत त्यांनी ती प्रत काउंटरच्या काचेखाली सरकवली.