नाही उमटला, पुन्हा ठेवा

ती घटना आठवली की आज हसू येतं. त्या दिवशी मात्र ठाण्यात कुणी हसत नव्हतं. मी वर्ध्यात पोलीस निरीक्षक होतो. परराज्यातलं एक पथक आलं, स्टेशन डायरीला नोंद केली आणि नालवाडीची एक बाई ताब्यात हवी म्हणालं. बँकेची मॅनेजर असल्याचं सांगून तिनं फोनवरून एका म्हाताऱ्याला लुबाडलं, असा आरोप होता. सिम तिच्याच नावावर होतं.

बाईला आणलं, तर पदराला मेथीची पानं चिकटलेली. भाजी विकता विकता उठून आली होती. पथकाचा अधिकारी हिंदीत दरडावून विचारू लागला, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, कोन्त्या बँकेची मॅनेजर हो मी? मले तं बँकेत कोनी बसाले खुर्ची देत नाई."

मग मात्र तिचा धीर सुटला. येत्या रविवारी पोरीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आईला पोलिसांनी नेलं हे कळलं, की सोयरीक तुटणार, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मला तिचं खरं वाटत होतं, पण वाटण्यावर तपास चालत नाही.

मी पथकाला एक दिवस थांबवलं आणि बाईसाठी चहा सांगितला. चहा पोटात गेला की माणसाला बारीकसारीक आठवतं, हा माझा अनुभव. सिम कुठून घेतलं, ते तिला नीट आठवलं. बाजाराच्या तोंडाशी छत्री लावून बसणाऱ्याकडून. अंगठा किती वेळा ठेवला, असं मी सहज विचारलं.

"लय खेपा. तो म्हने, नाई उमटला, पुन्हा ठेवा. कापूस येचू येचू रेषा घासल्या, साहेब. राशनच्या दुकानातई असंच होते."

तिथेच मला मेख कळली. आपल्याकडे कष्टाच्या हातांना मशीन नेहमीच नाकारतं, म्हणून 'पुन्हा ठेवा' म्हटलं की कुणी 'काऊन' विचारत नाही. पहिल्या अंगठ्यावर तिचं सिम निघालं होतं, दुसऱ्यावर तिच्याच नावाचं आणखी एक. ते ठगांच्या हाती गेलं.

दुसऱ्या दिवशी आमची महिला शिपाई साध्या साडीत छत्रीखाली जाऊन बसली. तिनं अंगठा ठेवला. तो म्हणाला, नाही उमटला. तिनं वाकून मशीन आपल्याकडे फिरवलं, तर पडद्यावर हिरवी खूण. ठाण्यात आणून आम्ही त्याच्या बोटांचे ठसे घेतले. शिपाईबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "नाई उमटला. पुन्हा ठेव." त्याचा कबुलीजबाब त्यानंतर फार लांबला नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं की ओळख चोरायला कुलूप फोडावं लागत नाही, आपली सवय ओळखली की पुरतं. म्हणून आधी पडदा पाहा, मगच अंगठा पुन्हा ठेवा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते अधूनमधून तपासा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. मी स्वतःचंही तेव्हाच केलं.

रविवारी मी साक्षगंधाला मुद्दाम गणवेशातच गेलो. मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्या मुलाचे वडील तर उठून उभेच राहिले. बाईनं माझ्यासाठी त्यांच्या शेजारीच पाट मांडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा इवाई. साहेब जेवाले आले, मले न्याले नाई."