दादाचं रुमिनेट

"दादा, कसलो विचार करतस रे?"

रिक्षा चालवता चालवता, मागे न बघता मी विचारलं होतं. दादाच्या छातीत दुखत होतं, कसालच्या बाजूला हॉस्पिटलात नेत होतो. उत्तर आलं नाही. पोचलो तेव्हा दादा गेला होता.

तेव्हापासून घरी जो येतो तो दादाचा एक किस्सा ठेवून जातो. इतके साठलेत की घरात बसवत नाही! थोडे तुम्ही घ्या.

*

दादा कट्टा गावात आमच्या पडवीत इंग्लिशची ट्युशन घ्यायचा. एकदा 'रुमिनेट' शब्द आला. त्याने अख्खा क्लास गोठ्यात नेला!

"बघा. सकाळी चरलेलं गाय आता परत तोंडात आणून चावते. रवंथ. लॅटिनमध्ये ह्यालाच हा शब्द होता, तोच इंग्लिशमध्ये आला. माणूस एकच गोष्ट अशी घोळवत बसला की तो रुमिनेट करतो."

दहावीतली सायली म्हणाली, "सर, मग आमचो आजो दिवसभर रुमिनेटच करता!"

"तो तमाखू खाता गो!"

*

मग वाक्यात उपयोग. पुढे 'ऑन' नाहीतर 'ओव्हर' लावायचं. एकाने लिहिलं, माझी आई बाजारात सुरमईवर रुमिनेट करते.

दादाने बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "तोवर शेजारीण ती घेऊन जाते!"

*

मी सातवीत शाळा सोडली. डोक्यात आलं की करून मोकळा! एकदा न बघताच जुनी होडी घेतली. पाण्यात घातली, तर बुडायला लागली.

दादा किनाऱ्यावरून ओरडला, "मेल्या, तू नुसतो गिळतस! जरा रवंथ कर!"

आणि पँट वर करून माझ्याबरोबर होडी ओढायला आला.

*

दहावीच्या पहिल्या पेपरला दादा दरवर्षी अंगणात नारळ ठेवून पोरांसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा, पोरं मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. यंदाही पोरं आली. नुसती उभी राहिली. पेपरची वेळ होत आली, तरी कोणी हलेना.

"भाऊ, तुम्ही घाला," सायली म्हणाली. "त्याशिवाय कोण जावचो नाय."

मला नीट येत नव्हतं. नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पोरां पेपराक चललीत. तेंका सगळा आठवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमचो दादा तुझ्याकडे इलो आसा. तू काय इचारलंस आणि तो गप रवलो, तर रागावू नको. विचार करीत असतलो. तेका घाई करू नको म्हाराजा!"

कोणाचाच आवाज आला नाही. मग सायली एकटीच म्हणाली,

"व्हय म्हाराजा."

मी नारळ फोडला.