रिकाम्या होडीचा हिशोब

आज कुडाळच्या माझ्या दुकानात मालवणचे बाबलकाका आले होते. त्यांची मासेमारीची होडी आहे. मुलगी व्हिडिओ एडिटिंग करते, तिच्यासाठी दणकट पीसी बनवून हवाय.

मी कागदावर मांडलं. ग्राफिक्स कार्ड ३२० वॅट, प्रोसेसर १७०, बाकीचं ६०. एकूण ५५०. म्हणून या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लायही ५५०चाच लिहिला.

काकांनी कागद बघितला. "ह्या सगळा एकदम जोरात चलला तर?"

"तर बरोबर ५५० लागतील."

"अरे, आमी इंजिन घेतंव ता रिकामी होडी बघून नाय. भरलेली होडी वाऱ्याच्या तोंडार परत आणूची लागता, ता बघून घेतंव."

मी ५५० खोडून ७५० लिहिलं.

मग बांद्याचं एक गिऱ्हाईक आठवलं. त्याचा पीसी एरवी नीट चालायचा, पण मोठा गेम लावला की बंद पडायचा. "आपल्याकडची लाईटच तशी," असं मी त्याला सांगून मोकळा झालो होतो. सप्लाय मीच काटोकाट दिला होता.

मघाशी त्याला फोन करून सप्लाय बदलून देतो म्हणालो.

माझ्याकडून पीसी घेतलेल्यांनो, आणखी कोणाकोणाला मी लाईटीचं कारण सांगितलंय?