डाव्या हातातल्या बांगड्या

विहीणबाई तिरंदाजी बघायला आल्या नव्हत्या. माझ्या मुलीला नांदायला न्यायचा दिवस पक्का करायला आल्या होत्या. घराला कुलूप दिसलं, म्हणून चौकशी करत पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात आल्या. तिथे व्यायामशाळेचा मेळावा भरला होता. बायकांच्या सतरंजीवर माझ्या शेजारी त्यांनी बैठक मारली. सोबत त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा जावई. जावई सोळा वर्षांचा, मुलगी बाराची.

आम्ही शेतकरी माणसं. मुलांना शिकवायचं म्हणून देवपुरात बिऱ्हाड केलं होतं. लहान वयातली लग्नं बंद करणारा कायदा येतोय अशी आवई उठली, तेव्हा खानदेशात जो तो आपली पोरं बोहल्यावर चढवत सुटला. त्या धांदलीत आमचीही चढली. मला कुणी विचारलं नाही. मी काय बोलले असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नसावं. मग मी अट घातली, की सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा होईपर्यंत मुलगी माझ्याकडे राहील. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता विहीणबाईंना त्यातलं काही आठवत नव्हतं.

“ह्या चैत्रमा धाडी द्या तिले,” त्या म्हणाल्या. “बाण मारीसन काय करनं शे पोरले?”

“तिना बाण व्हवू द्या, मंग बोलू,” मी म्हटलं.

मुलींना त्या वर्षी पहिल्यांदाच मैदानात घेतलं होतं. गवताच्या भाऱ्यावर गोणपाट ताणून त्यावर गेरूची वर्तुळं काढली होती. प्रत्येकीला तीन बाण. आमच्या शेताच्या भिल्ल राखणदारानं करून दिलेली बांबूची कमान घेऊन माझी मुलगी चुन्याच्या रेघेशी उभी राहिली. परकर-पोलकं, वेणी वर घट्ट बांधलेली. आणि कमान धरलेल्या डाव्या हातात, नुकत्याच संक्रांतीला सासरहून कासार पाठवून भरलेल्या मनगटभर हिरव्या बांगड्या. मला तेव्हाच खटकलं होतं, पण सासरचा चुडा, काढा कसं म्हणायचं?

पहिला बाण सुटला आणि दोरी थेट बांगड्यांवर आदळली. खळकन आवाज झाला. बाण कुठल्या कुठे वाळूत गेला, बांगडीचे तुकडे तिच्या पायाशी पडले आणि मनगटातून रक्त आलं.

सतरंजीवर एकच गलका उठला. लग्न झालेल्या मुलीची बांगडी, तीही सासूच्या देखत! “उठा, घर चाला,” विहीणबाई म्हणाल्या. “अपशकुन व्हयना.” मी आजूबाजूला पाहिलं. पोरीच्या हातातून रक्त येतंय हे एकीलाही दिसत नव्हतं, सगळ्यांना काच तेवढी दिसत होती. माझं डोकंच फिरलं.

मी उठले आणि सरळ मैदानात शिरले. पंच आडवे आले. “बाई, रेघेच्या आत यायचं नाही.”

“मग काढा मला बाहेर,” मी म्हटलं. त्यांनी काढलं नाही. आमचे हे पुरुषांच्या बाजूला बसले होते, ते वाळूकडे बघत राहिले. त्यांना घरी गेल्यावर काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पोरीचं मनगट किडकिडीत. पदरानं रक्त पुसलं आणि उरलेल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. मागून विहीणबाई ओरडल्या, “काढू नका! मना पोऱ्यानं आयुष्य शे त्या बांगड्यास्मा!”

मी वळले आणि हात करून दाखवलं. “तुमना पोऱ्या तठे शे, देखा. ऊस खाई राह्यना. काय व्हयनं त्याले?”

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. जावईबापू मैदानाभोवती बांधलेल्या दोराला रेलून उसाचं कांडं दातानं सोलत होते, रस हनुवटीवरून ओघळत होता. इतके डोळे एकदम आपल्यावर आल्यावर बिचारा कांडं तोंडात धरूनच थबकला. दोघीतिघींना हसू आवरेना.

“माय, सरक,” मुलगी म्हणाली. “माले बाण मारना शे.”

मी बांगड्या ओच्यात बांधल्या आणि बाजूला झाले. दुसरा बाण गोणपाटाच्या काठाला लागला. तिसरा मात्र मधल्या वर्तुळाला अगदी चिकटून रुतला. बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. पहिली टाळी पडली ती जावयाची, ऊस काखेत मारून. मुलगा गुणी होता, मला त्याच्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

मुलगी कमान घेऊन सतरंजीशी आली, तशा विहीणबाई माझ्या ओच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आते त्या बांगड्या भरा तिना हातमा. निदान लोके जावाना पहिले.”

मी ओचा सोडला. पण मुलीनं डावा हात पाठीमागे नेला.

“राहू दे माय,” ती म्हणाली. “पुढला सालले परत काढना पडतीन.”

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओच्याला पुन्हा गाठ मारली, चांगली घट्ट.

“आयकं ना?” मी त्यांना म्हटलं. “पुढला सालले.”