माहेरच्या बाजूला तीन बिजागऱ्या

खिडकीकाकूंना कुणाचा फोन आला की त्या पत्ता नंतर विचारतात. आधी म्हणतात, "आवाज काढून दाखवा."

पलीकडचा माणूस गांगरतो. "म्हणजे... करकरते हो खिडकी."

"करकरते ते कळलं. कशी करकरते? तोंडानं काढा."

मग कुणी भारदस्त गळ्याचे साहेब असले तरी ते आधी खाकरतात, बायको आसपास नाही ना याची खात्री करतात आणि फोनमध्ये हळूच म्हणतात, "कुर्रर्र... टॉक."

"कुर्रर्र आधी की टॉक आधी?"

"कुर्रर्र आधी."

"मग बिजागरी कोरडी पडलीय, तेलावर भागेल. टॉक आधी असतं तर पल्ला, म्हणजे झडप, खाली उतरलाय म्हणाले असते. येते उद्या."

काकूंनी सुरुवात केली ती नुसत्या काचा पुसण्यापासून. बादली, रबरी पट्टीचा वायपर, आणि वरून खाली एकच हात. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की रेघ उमटते. काका सुतार, खिडक्या बसवायचे. त्यांनी बसवलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत काकूंचा हात शिरायचा नाही, आणि त्या घरी येऊन भांडायच्या. "पुसणाऱ्याच्या कोपराचा विचार केलाय का कधी, देवमाणसा?" शेवटी काका म्हणाले, "मग तूच मापं घे." काकूंनी घेतली, आणि तेव्हापासून धंदा दोघांचा झाला.

पण दोघांचा धंदा म्हणजे एक जण खिडकीच्या आत, दुसरा बाहेर शिडीवर. आतल्याची डावी ती बाहेरच्याची उजवी.

"डावीकडे घे!"

"घेतलं की!"

"अगं डावीकडे!"

"अहो ही डावीच आहे! घास याच्या उलट्या हातानं भरवते मी तुमच्या लेकीला!"

गल्लीतले लोक काम सोडून ऐकत उभे राहायचे. शेवटी काकूंनीच तोड काढली. बिजागऱ्यांची बाजू ती माहेर. पल्ला तिथं जन्माचा जोडलेला असतो, कितीही लांब उघडा, तिथून सुटत नाही. कडीची बाजू ते सासर. तिथं जाऊन नीट बसावं लागतं, आणि बसला नाही की खोट सगळ्यांना पल्ल्यातच दिसते, चौकटीत कुणालाच नाही. काका पोट धरून हसले, पण डाव्या-उजव्याचं भांडण त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. आता ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. "माहेर ढिलं झालंय, जरा आवळा," "सासरला अजून थोडा रंधा मारा, फार अडवतंय," असलं काही कानावर पडलं की घरमालकीण चहाचा कप घेऊन दारातच थबकते.

तर झालं काय, कंडक्टर आजोबांच्या खिडकीचं काम घेतलं आणि काकांच्या कंबरेत उसण भरली. पाठ जमिनीला आणि नजर छताला. आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये. पहिल्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून पलंग. अजून तीन महिने त्यांनी खाली उतरायचं नाही, आणि खालच्या कोपऱ्यावरच्या बाकावर बसणारे त्यांचे दोस्त गुडघ्यांमुळे वर चढायचे नाहीत. मध्ये ही खिडकी, तीही न उघडणारी. आठ दिवसांत आजोबांनी जेवण निम्म्यावर आणलं होतं. सून म्हणाली, "काकू, यांना बोलायला माणसं दिसली नाहीत तर हे वाळून जातील हो." काकूंनी शब्द दिला होता. आज संध्याकाळी दोस्त बाकावर जमतील तेव्हा खिडकी उघडलेली असेल.

काकांच्या जागी जावई आला. आपणहून आला, नवी पँट घालून. आता काकूंची खरी अडचण सुरू झाली. काकांना त्या दिवसातून दहादा "डोकं घरी विसरलात का?" विचारायच्या. जावयाला तसं कसं म्हणायचं?

"जावईबापू, तो हातोडा जरा उलटा धरलाय का आपण? नाही, आपल्याला सोयीचं असेल तर राहू दे."

"कामाला आलाय की पाहुणचाराला?" आजोबा पलंगावरून गरजले. चाळीस वर्षं बसमध्ये ओरडून त्यांचा आवाज त्याच पट्टीत अडकला होता. "चला, पुढे सरका! दारात गर्दी नको!"

जुनी काच निघाली, चौकट साफ झाली, दुधी काचेचा नवा पल्ला चढवायला तयार झाला. तेवढ्यात सूनबाईंनी स्वयंपाकघरातली अडकलेली सरकती खिडकी दाखवायला काकूंना आत नेलं. खालच्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून चिक्की झाली होती. काकू चाकूच्या टोकानं ती खरवडत होत्या आणि बाहेर जावई काकांना फोन लावत होता.

"सोपं आहे हो," काका कण्हत म्हणाले. "माहेरला तीन बिजागऱ्या, सासरला कडी. आई गं! बाकी तिला विचारा."

जावयानं विचारलं नाही. मनात म्हणाला, एवढं काय विचारायचं? सासूबाईंचं माहेर पुलापलीकडे, आणि पूल तर या खिडकीच्या उजव्या हाताला. त्याला भरून आलं. काय माणूस आहे! जन्मभर प्रत्येक खिडकी बायकोच्या माहेराकडे तोंड करून बसवली! त्यानं अगदी श्रद्धेनं उजव्या बाजूला खाचा पाडल्या, तीन बिजागऱ्या ठोकल्या आणि पल्ला चढवला.

काकू हात पुसत आल्या. पल्ला ढकलला. ना कुर्रर्र ना टॉक, लोण्यासारखा उघडला आणि बाहेरच्या पाण्याच्या पाइपाला टेकून काटकोनात उभा राहिला. आजोबांची उशी डावीकडे, दोस्तांचा बाक उजवीकडे, आणि दोघांच्या बरोब्बर मध्ये दुधी काच.

"उघडली का?" आजोबांनी मान उंच केली. "मला तर धुकं दिसतंय!"

"जावईबापू," काकूंचा आवाज इतका गोड झाला की सूनबाई दोन पावलं मागे सरकल्या, "माहेर तिकडे का केलं आपण?"

"पुलापलीकडे आहे ना तुमचं माहेर? म्हणून."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, त्यांनाच कळेना. बिजागऱ्यांच्या खाचा पल्ल्याच्या एका कडेला खणलेल्या. पाणी बाहेर टाकणारी पट्टी खालच्या कडेला. म्हणजे बाजू बदलायची तर पल्ला दुकानात न्या, नवी कड जोडा, दोन दिवस. आणि खाली बाकावर पहिला दोस्त, म्हातारा शिंपी, येऊन टेकलासुद्धा.

"मी काढतो, आई. आत्ता काढतो." जावयाचे कान लाल झाले होते. त्यानं घाईघाईनं स्क्रू सोडवले, पल्ला उतरवला, गडबडीत हातात फिरला तसाच गोल फिरवून भिंतीला टेकवला.

"अहो, उलटा ठेवलात! पट्टी वर गेली ना! डोकं घरी विसरलात का?"

बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली. जावई मात्र पल्ल्याकडे बघत होता. काकूंनीही बघितलं. पट्टी वर गेली होती खरी. पण उजवीकडच्या बिजागऱ्या डावीकडे आल्या होत्या, उशीच्या बाजूला.

"थांबा. हलवू नका." काकूंनी पदर खोचला. "पट्टी काढा आणि खालच्या कडेला ठोका. मी चौकटीत नव्या खाचा मारते. छिन्नी द्या. ती नाही हो, ती मोठी! इतकी वर्षं धंदा केला, पण पल्ल्याला शीर्षासन आजच शिकवतेय."

मग खोलीत ठकठक, भुसा आणि आरडाओरडा.

"अहो, स्क्रू तिरका जातोय!"

"जाऊ दे की, आई, तुम्ही तिकडे बघा!"

"सासूला तिकडे बघ म्हणतोस?"

"म्हणतोस" ऐकून जावयाला इतका आनंद झाला की पुढचा स्क्रू सरळ गेला. जुन्या खाचा लांबीच्या लगद्यानं बुजवल्या, कडी पलीकडे गेली. काकूंनी काचेवर वरून खाली एकच हात मारला आणि जावयाला म्हणाल्या, "तू उघड."

पल्ला डावीकडे वळला. समोर गल्ली, कोपरा, बाक आणि बाकावर तीन टकली.

"ए शिंप्या!" खोलीतल्या बरण्या हलल्या. "माझी पँट ढिली शिवली होतीस! अजून सांगतो!"

खालची टकली वर झाली. "तू बारीक झालास रे! जेवत नाहीस का?"

"आता जेवेन! सूनबाई, वाढ गं! आणि तो पोस्टमन काय म्हणतोय? मोठ्यानं बोल, लाजतोस काय!"

काकू नि जावई भुशातच बसून ऐकत राहिले. जावयाला उठवत नव्हतं, काकूंनाही नाही. जरा वेळानं आजोबांनी वळून दोघांकडे पाहिलं.

"झालं ना काम? मग निघा आता," ते तीन घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमचं खासगी बोलणं चाललंय."