थांबायची जागा

बोटीवरचे काका सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की गायला लागत, आणि ते गाणं आपल्याकडचं नव्हतं. फ्रान्सच्या दक्षिणेला आठशे वर्षांपूर्वी एक कवी स्वतःची गाणी गात दरबारोदरबार हिंडायचा, त्याचं ते गाणं. काका जहाजावर इंजिनिअर होते. मार्सेलच्या बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना ते शिकवलं. एकोणीसशे नव्वदनंतरची काही वर्षं मी सिंगापूरला, यिशुन भागात, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला होते. नात बूट घालता घालता ओरडायची, "आजोबा, सेम साँग अगेन लाह!"

"आठशे वर्षं टिकलंय. तुझी बस येईपर्यंत टिकू दे."

शेवटच्या ओळीआधी ते तळहात वर करून थांबत. हात खाली आला की ओळ. म्हणत, "स्वर पोथीत आहेत गं. कुठे किती थांबायचं ते कुणी लिहिलं नाही. ते माणसानं माणसाला द्यायचं."

त्या ओळीत कवी गाण्यालाच सांगतो, जा, माझ्या प्रियेकडे जा. तिचं खरं नाव घेत नाही, स्वतः ठेवलेलं घेतो. मला नवल वाटलं नाही. मी तरी आमच्या ह्यांचं नाव कुठे घेते? काका तिथे काकूंना ठेवलेलं नाव घालत. ते मी इथेही लिहिणार नाही. काकू पुण्यात वारल्या तेव्हा काका भर समुद्रात होते. शेवटचं बोलणं राहिलं, ते रोज या ओळीतून पाठवायचे.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, टेप करून ठेवू."

"टेप श्वास घेत नाही रे," म्हणाले आणि स्वयंपाकघरात आले. "सुमन, तू शीक."

"काका, मी चौथी शिकलेली. ती भाषा…"

"मला तरी कुठे येते?"

मला लाज वाटे. सिंककडे तोंड करून, नळ सोडून मी गुणगुणायची.

"नळ बंद कर. मी नळाला शिकवत नाहीये."

ऑपरेशननंतर ते स्टुलावर बसत. मी गायची, ते नुसता हात वर करत, खाली आणत. मी ती ओळ म्हटली की डोळे मिटून घेत.

आजार उलटला. हॉस्पिटलात वॉर्ड माणसांनी भरलेला. काकांनी माझ्याकडे बोट केलं. तिथे तोंड फिरवायला सिंक नव्हतं. मी गायले. त्या जागी त्यांनी हात वर केला, मी थांबले. मग हात गादीवर पडला. तो पुढे जायचा इशारा नव्हता.

आता मी गावी असते. घरात कुणी नसलं की गाते, त्या जागेपर्यंत येते आणि थांबते. पुढची ओळ पाठ आहे, नावासकट. जा म्हणणारं कुणी नाही.