एंटरच्या बटणात गाढव

आता काय सांगू तुम्हाला! जन्मभर लोकांना उल्लू बनवलं मी. अख्ख्या दाना ओलीत, आमच्या मोहल्ल्यात, माझ्या हातून सुटला असा माणूस दाखवा. आणि फसलो कुठे? एका बटणात!

लिहिण्या-वाचण्याशी माझं कधी जमलं नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. सही करतो, दुकानाची पाटी वाचतो, बस्स. पण आमची सून रेवा! काय पोरगी आहे, यार! तिच्या कंप्यूटरात ते मशीन चालवणारं लिनक्स आहे. त्याच्याशी ती अशी वागते जशी माझी बायको कमल भाजीवाल्याशी. म्हणजे शेवटी तिचंच खरं होतं.

मी नई सडकच्या बाजारातून तिच्यासाठी कीबोर्ड आणला. वरच्या रांगेत चित्रांची बटणं. भोंगा काय, तिकोण काय, गाण्याची खूण काय! घरी लावला तर ती सगळी रांग मेलेली. दाबा, ठोका, काही नाही.

मी बोललो, "आण इकडे, दुकानदाराच्या डोक्यात घालून येतो."

"थांबा बाबा, बटण चांगलं आहे." तिनं एक बटण दाबलं, तर पडद्यावर नंबर आला. "हे बघा, बिचारं नंबर पाठवून राहिलंय. त्या नंबराचं करायचं काय, ते मशीनला माहीत नाही. ते आपण सांगायचं."

आणि सांगितलं की तिनं! भोंगा दाबला, आवाज वाढला. तिकोण दाबला, गाणं थांबलं. मी तर हातच जोडले.

मग विचारलं, "म्हणजे कुठल्याही बटणात काहीही बसवता येतं?"

"काहीही, बाबा."

अरे, हे मला सांगायचं असतं का?

वरून पोरीनं माझ्यासाठी एक सोपी खिडकीच बनवून दिली, सगळी चित्रांची. आधी आवाज निवडायचा. मग हाताचं चित्र येतं. तेव्हा जे बटण दाबाल, त्यात तो आवाज बसला!

आता आमचा बापू. शेजारीच राहतो, रोज दुपारी येतो, रेवाला विचारून गाण्याचं बटण दाबतो, भजन लावतो आणि मान अशी डोलवतो जसं स्वतःच गाऊन राहिलाय. मी ठरवलं, बापूनं बटण दाबलं की भजनाच्या जागी गाढव ओरडलं पाहिजे. दुसरं गाढव कुठे शोधू? दार लावलं आणि स्वतःच ओरडलो, मशीनमध्ये भरलं. ढेंचू, ढेंचू! असं ओरडलो की खरं गाढव लाजेल.

खिडकी उघडली, गाढव निवडलं, हाताचं चित्र आलं. आता रेवा कुठलंही काम झालं की ते मोठं एंटरचं बटण ठोकते, ठक्! मीही ऐटीत ठोकलं, ठक्! खिडकी बंद. मी खूष! आणि गेलो बापूला बोलवायला.

गप्पा मारत परत आलो, दारात चपला काढून राहिलो होतो, तर आतून आवाज: ढेंचू!

मी म्हटलं, बापू तर इथे उभा आहे. मग बटण कोणी दाबलं?

आत डोकावलो, तर काय! रेवाचा इंटरव्ह्यू! मोठी कंपनी, किती महिन्यांची तयारी. मला वाटलं होतं, तो संध्याकाळी आहे. पडद्यावर साहेब आणि मॅडम बसलेले. ती काही लिहिते, एंटर ठोकते, की गाढव! आणि गाढवाच्या मागून माझाच आवाज, "झालं वाटतं. कमल, चहा टाक!"

हो! तेही भरलं गेलं होतं!

स्वयंपाकघरातून कमल ओरडली, "टाकलाय म्हटलं ना!"

रेवानं पुन्हा एंटर ठोकलं. ढेंचू! "कमल, चहा टाक!"

कमल आली की पातेलं, सांडशी घेऊन तणतणत, थेट कॅमेऱ्यासमोर! "किती ढोसणार आहात हो?" इकडे बघते, तिकडे बघते, मी कुठे नाही. मग मी दारात दिसलो. "तुम्ही इथे? मग आत कोण चहा मागून राहिलंय?"

साहेब बोलले, "रेवा जी, ये गधा कौन है?"

रेवानं माझ्याकडे पाहिलं. "सर, मेरे ससुर जी हैं।"

मी म्हटलं, गेली पोरीची नोकरी! पण ती हसली. "एक मिनट सर, स्क्रीन देखिए।" आणि त्यांच्यासमोरच गाढवाचा माग काढला. कुठल्या बटणाचा नंबर, तो कुठे जाऊन राहिला, सगळं समजावत माउसनं त्याला एंटरमधून बाहेर ओढलं.

मॅडम बोलल्या, "आप घबराईं नहीं?"

"मैम, मैं इस घर में रहती हूँ।"

मिळाली ना नोकरी! अख्ख्या ओलीत तिळाची गजक मी स्वतः वाटली.

मग हळूच विचारलं, "रेवा, माझं गाढव पुसून टाकलंस?"

"छे! एवढ्या मेहनतीनं ओरडलात तुम्ही. ज्या बटणात हवं होतं, त्यातच बसवलंय."

आता काम करता करता तिला चहा हवा असला की ती गाण्याचं बटण दाबते. कमल तर जागची हलत नाही. म्हणते, "तुमचं गाढव, तुम्हीच बघा."

अरे, ओरडलं बघा! बसा बसा, उठू नका कोणी. मलाच हाक आहे. बोला, साखर किती टाकू?